मालक म्हणायचं नाही

"मी माझ्या बाबांची नोकर आहे का?"

प्रश्न माइकमधून बाहेर पडला आणि शाळेचं अख्खं सभागृह हसण्यात बुडालं. मागच्या रांगेत कुणीतरी बाक वाजवला, मुख्याध्यापिकांनी कपाळाला हात लावला, आणि टकळी मात्र माइक धरून अशी ताठ उभी राहिली, जणू हा हशा म्हणजे तिच्याचसाठी वाजलेल्या टाळ्या.

पैज साधी होती. दर शुक्रवारी शाळेत कुणीतरी येऊन आपल्या कामाबद्दल बोलायचं. आज वकीलबाई आल्या होत्या. लहान दुकानदारांनी, कारखानदारांनी माणसं कामावर ठेवताना काय करावं आणि काय करू नये हे सांगणं हा त्यांचा व्यवसाय. विषय ऐकूनच निम्म्या वर्गाचे डोळे मिटायला लागले. तेव्हा चष्मिस आणि लंबू या दोघी जिवलग मैत्रिणींनी टकळीला दोन्ही बाजूंनी कोपरं मारली. रोज शाळा सुटली की बाबांच्या कारखान्यात राबतेस ना, मग विचार बाईंना, तू त्यांची कोण लागतेस, मुलगी की नोकर. विचारलंस तर आठवडाभर तुझं दप्तर आम्ही उचलू.

मागच्या वर्षीची टकळी असती तर तिने मान खाली घालून बुटाची नाडी बांधायला घेतली असती. तेव्हा तिचं नावही टकळी नव्हतं, वर्ग तिला मौनीबाबा म्हणायचा. मग ती वक्तृत्व स्पर्धेत उतरली, चक्क पहिली आली, आणि धरणाचं दार उघडावं तसं झालं. आता ती बोलायची थांबली की लोक विचारायचे, बरं नाही का.

वकीलबाई हसल्या नाहीत. हशा ओसरेपर्यंत त्या थांबल्या आणि टेबलाच्या पुढे आल्या.

"काय काम करतेस तिथे?"

"लॅम्पशेडवर कापड ताणते." टकळीने छाती पुढे काढली. "तारेच्या सांगाड्यावर कापड बसवायचं, टाचण्या मारायच्या, कडेने पट्टी चिकटवायची. रोज, शाळा सुटल्यावर."

"प्रश्न चांगला आहे," बाई म्हणाल्या. "घरच्या धंद्याला अधूनमधून हातभार लावणं वेगळं आणि एखाद्याच्या जागेवर रोज बसणं वेगळं. तू ज्या जागेवर बसतेस, तिथे तुझ्याआधी कोण बसायचं?"

"ताई. सख्खी नव्हे, कारखान्यातली. पण तिला बाळ होणार आहे ना, म्हणून बाबांनी तिला आरामाला घरी पाठवलंय." हे सांगताना टकळीचा आवाज अभिमानाने आणखी चढला. असे बाबा किती जणांचे असतात, हेही सांगायचं तिच्या जिभेवर आलं होतं.

"आराम तिने मागितला होता का?"

हा प्रश्न पैजेत नव्हता. टकळीने माइक दुसऱ्या हातात घेतला.

बाईंनी तिला ताटकळत ठेवलं नाही. तिला बसायला सांगून त्या सगळ्या सभागृहाला म्हणाल्या की छोटे मालक क्वचितच दुष्ट असतात. ते प्रेमळ असतात, आणि प्रेमाच्या भरात विचारायला विसरतात. बाळ होणार असलेली बाई स्वतःहून मागते ती रजा. तिने न मागता तिला घरी बसवलं, तर हेतू कितीही गोड असो, कायद्याच्या नजरेत ते कामावरून काढणंच. एवढं बोलून त्यांनी पुढचा प्रश्न घेतला. तो वकिलांचा कोट काळाच का असतो, असा होता, आणि त्यावर लोक पुन्हा हसले.

टकळी हसली नाही. तिला ताईचं स्टूल दिसत होतं.

*

कारखाना म्हणजे एका लांबट इमारतीच्या तळमजल्यावरच्या तीन सलग खोल्या. पहिलीत तारकाका तारा वाकवून त्यांचे सांधे जोडायचे. तिथे कायम तापलेल्या लोखंडाचा वास. दुसरीत कापडाचे ताके आणि कापायचं मोठं टेबल. तिसरी सगळ्यात उजेडाची, खिडकीशी, तिथे कापड ताणायचं काम. सांगाडा छातीच्या उंचीच्या खांबावर अडकवायचा आणि स्वतः उंच स्टुलावर बसून तो चारी बाजूंनी फिरवत कापड ओढायचं. शेड पूर्ण झाली की आत बल्ब लावून बघायची. दिवा बंद असताना सगळ्याच शेडा देखण्या दिसतात. दिवा लागला की कुठे सुरकुती पडलीय, कुठे कापड तिरकं गेलंय, ते लपत नाही.

आणि इथला मुख्य नियम भिंतीवर कुठे लिहिलेला नव्हता, पण पाठ सगळ्यांना होता. बाबांना मालक म्हणायचं नाही. नव्या माणसाच्या तोंडून चुकून तो शब्द निघाला, तर बाबांना चावल्यासारखं व्हायचं. सगळे त्यांना दादा म्हणायचे. दुपारी कापायचं टेबल पुसून त्यावरच सगळे डबे उघडायचे, कोणाचा डबा कोण खातोय याचा हिशेब नाही. नेमणुकीचं पत्र कोणालाच नव्हतं. "घरात कोणी कोणाला पत्र देतं का?" असं बाबा विचारायचे आणि सगळे हसायचे.

ताईने इथे टकळीला जन्मापासून नाही, पण दप्तर ओढत येण्याच्या वयापासून पाहिलेलं. ती कापड ताणत असताना तिच्या ओठांत टाचण्यांची रांग धरलेली असायची, म्हणून तिला बोलता यायचं नाही, ऐकता मात्र सगळं यायचं. मौनीबाबाला जगात एवढी एकच श्रोती हवी होती. मधेच न तोडणारी, न हसणारी, चुकलं तर फक्त भुवई वर करणारी. वक्तृत्व स्पर्धेचं भाषण तिने ताईसमोर इतक्या वेळा म्हटलं की शेवटी तारकाका पलीकडच्या खोलीतून पुढचं वाक्य आधीच ओरडून सांगायचे. बक्षीस मिळालं तेव्हा ताईने ओठांतल्या सगळ्या टाचण्या काढून बाजूला ठेवल्या आणि तिला घट्ट जवळ घेतलं.

ताईने बाळाची बातमी दिली तेव्हा बाबांना आनंद आणि धसका एकदमच आला. ते उंच स्टूल, ते वाकणं, आणि ही बाई अशा अवस्थेत. त्यांनी तिला एक शब्द विचारला नाही. सगळ्यांना जमवलं, सगळ्यांच्या हातांनी बाळासाठी एक छोटा रात्रीचा दिवा बनवला, पांढऱ्या कापडावर प्रत्येकाने एकेक पान रंगवलं, आणि टाळ्यांच्या गजरात ताईच्या हातात देऊन बाबा म्हणाले, आता घरी जायचं, पाय वर करून पडायचं, कामाचं नाव काढायचं नाही. बाळ मोठं झालं की बघू. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. ते कसलं पाणी, हे त्या गोंधळात कोणी तपासलं नाही.

दुसऱ्या दिवशी खिडकीशी स्टूल रिकामं दिसलं तेव्हा टकळीच पुढे झाली होती. मी बसते, बाबा. आणि खरं सांगायचं तर तिला ते फार आवडलं. शाळेत मोठं झाल्याचं नुसतं सांगावं लागतं, इथे ते हाताला लागायचं.

*

शनिवारी दुपारी, अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर, ती ताईच्या घरी गेली. चष्मिस आणि लंबू खालपर्यंत आल्या, दप्तर दोघींच्या मधे लोंबत होतं, पण वर एकटीनेच जायचं असं तिने बजावलं. खोली लहान, पण लख्ख. खिडकीच्या दोरीवर धुतलेली लहान लहान झबली, कोपऱ्यात शिवणयंत्र. आणि कपाटावर, ज्या खोक्यातून दिला होता त्याच खोक्यात, अजून सुतळीसुद्धा न सोडलेला तो बाळाचा दिवा.

टकळीने पाहिलं ते ताईनेही पाहिलं.

"लावला नाहीस?"

"निरोपाचा दिवा आहे तो," ताई म्हणाली. "लावला की निरोप घेतल्यासारखं होईल."

मग तिने चहा टाकला आणि पाठमोरी राहूनच हळूहळू बोलती झाली. तिला काम सोडायचं नव्हतं. तब्येत ठणठणीत होती, दिवस भरत येईपर्यंत बसून काम करायला डॉक्टरांची काही हरकत नव्हती. त्यानंतर रजा घ्यायची, बाळ जरा सांभाळण्याजोगं झालं की परत यायचं, असं तिने आणि नवऱ्याने ठरवलंही होतं. ते दादांना सांगायच्या आधीच टाळ्या वाजल्या. आता ती दोन-तीन ठिकाणी काम बघून आली. तिच्या हातातली सफाई कोणी पाहिलीच नाही, सगळ्यांनी आधी पोट पाहिलं.

"मग तू बाबांना का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? आरडाओरडा करून हाकललं असतं तर दारात उभी राहून भांडले असते. पण इतक्या प्रेमाने दार लावणाऱ्याशी कसं भांडायचं, तूच सांग. सगळ्यांना वाटलं असतं, बाई किती कृतघ्न."

ताईने कप तिच्या हातात दिला आणि मग, अगदी सहज विचारावं तसं विचारलं, "स्टुलावर कोण बसतंय?"

टकळीने कप खाली ठेवला. "मी."

ताईने भुवई वर केली. मग एकदम हसली. "पट्टी लावताना खालची बाजू ढिली सोडत असशील. पहिल्यापासून घाई तुला."

टकळीने केलेली एक शेड त्याच आठवड्यात गिऱ्हाइकाकडून परत आली होती. खालच्या बाजूला सुरकुती होती, म्हणून.

निघताना ताईने तिच्याकडून वचन घ्यायचा प्रयत्न केला, दादांना यातलं काही सांगायचं नाही. टकळीने वचन दिलं नाही. एवढा धीटपणा तिच्या अंगात ताईनेच घातला होता, आता त्याचा तिलाच थोडा त्रास होणार होता.

*

संध्याकाळी घरी बाबा मेन बंद करून फुटलेला स्विच दुरुस्त करत बसले होते आणि आई त्यांना बॅटरी धरून होती. टकळीने आडवळण घेतलं नाही. वकीलबाई काय म्हणाल्या ते आधी सांगितलं, कपाटावरच्या खोक्याचं मग सांगितलं.

बाबांचा चेहरा आधी पडला आणि मग लाल झाला. भर सभागृहात, दोनशे मुलांसमोर, स्वतःच्या बापाचे असे वाभाडे काढायचे? आणि कायदा कसला, कायदा मोठ्या कारखान्यांना, जिथे माणसांना नंबर असतात. ताईला त्यांनी बहीण मानलं होतं. बहीण स्टुलावरून पडली असती तर मग कायदा आला असता का उचलायला?

"पण बाबा, तिला विचारलं का नाहीत?"

"बहिणीची काळजी घ्यायला परवानगी काढायची असते?"

यावर टकळीकडे भाषणभर उत्तर होतं, पण तेवढ्यात बॅटरी विझली. आईने ती मुद्दाम विझवली होती.

"मला काचेच्या दुकानातून काढलं ते आठवतं तुम्हाला?" अंधारात आईचा आवाज आला. "हिच्या वेळेला."

टकळीला हे माहीतच नव्हतं. आई काचेच्या दुकानात काम करायची एवढं तिने ऐकलं होतं, पण ते का सुटलं हे कधी विचारलं नव्हतं. घरातल्या गोष्टी कशा, डोळ्यांसमोर असतात म्हणून कोणी विचारतच नाही.

आई सांगत होती. त्या दुकानाचा मालकही चांगलाच होता. काचेचं काम, कुठे हात कापेल, असं म्हणून त्याने तिला फुलं देऊन घरी पाठवलं. टकळी वर्षाची झाल्यावर आई परत गेली तर तिच्या जागी दुसरीच मुलगी. "तुम्ही तेव्हा त्याच्या दुकानात जाऊन काय बोललात, ते पुऱ्या गल्लीने ऐकलं होतं. आणि घरी येऊन म्हणालात, आपण स्वतःचं काहीतरी काढू, तिथे कोणी मालक नसेल."

आईने बॅटरी पुन्हा लावली तेव्हा बाबा हातातल्या पेचकसाकडे असे बघत होते, जणू तो दुसऱ्याच कोणाचा आहे.

"तिला फुलं दिली नाहीत मी," ते शेवटी म्हणाले, आणि वाक्य आपल्यावरच उलटलंय हे कळून त्यांनी पेचकस खाली ठेवला. फुलांऐवजी दिवा दिला होता, एवढाच फरक.

*

पुढच्या शनिवारी दुपारी बाबा लग्नाकार्याचा शर्ट घालून तयार झाले. वकीलबाई शनिवारी छोट्या धंदेवाल्यांना भेटतात, हे टकळीने शोधून काढलं होतं आणि चिठ्ठीवर पत्ता लिहून ती आरशाला चिकटवली होती. बाबांनी चिठ्ठीचा विषय काढला नाही. फक्त दारात उभं राहून विचारलं, "येतेस ना? की मला एकट्यालाच शिव्या खायला पाठवणार?"

बाईंच्या ऑफिसात टेबलावर एक दिवा होता आणि त्याच्या शेडेला वरून खालपर्यंत सुरकुत्या. बाबांचं पहिली काही मिनिटं बोलण्याकडे लक्षच नव्हतं. बाईंनी विचारलं, किती माणसं कामाला आहेत. बाबांनी सांगितलं, आठ. मग नजर दिव्याकडे. पत्रं दिलीत का, रजेचे नियम काय, आजारी पडलं तर काय. बाबा प्रत्येक प्रश्नाला एकच सांगत राहिले, आमच्याकडे तसं काही नाही, आम्ही घरासारखे आहोत. शेवटी ते खुर्चीत पुढे सरकले.

"बाई, खरं सांगू का, मी मालक नाहीच हो."

"मग ताईंना घरी कोणी पाठवलं?"

टकळीला वाटलं, आता बाबा उठून जाणार. पण बाबा हसले. थोडंसंच, कडेकडेने, पण हसले. बाईंनी मग त्यांना ओरडावं तसं काहीच केलं नाही. मालक असणं हा गुन्हा नाही, त्या म्हणाल्या. मालक असून नसल्याचं सांगणं मात्र कामावरच्या माणसांना महागात पडतं, कारण दादाकडे हक्क मागता येत नाही, हट्ट करावा लागतो. पत्र म्हणजे अविश्वास नव्हे. माणसाला उद्या आपण कुठे उभे आहोत हे कळावं, एवढंच ते. काम जड वाटत असेल तर आधी काम बदलून बघायचं, माणूस नाही. आणि सगळ्यात आधी जाऊन विचारायचं. सांगायचं नाही, विचारायचं.

"आणि ती नाही म्हणाली तर?"

"तर ते तिचं उत्तर असेल. तुमचं नव्हे."

निघताना बाबा दारापर्यंत जाऊन परत आले, टेबलावरची शेड काढून काखेत धरली आणि म्हणाले, ही दुरुस्त करून आणतो, इथे बसवत नाही मला हिच्याकडे बघत.

*

ताईच्या घरी बाबा एकटेच गेले. तिथे काय बोलणं झालं ते टकळीला तुकड्यातुकड्यांनी कळलं, थोडं बाबांकडून, बरंचसं ताईकडून. जिना चढताना पाठ केलेलं सगळं बाबा दारातच विसरले. त्यांनी आधी माफी मागितली, मग विचारलं, तुला काय हवंय. ताईने टाचण्या काढल्यासारखं एकेक करत सगळं सांगितलं. काम हवंय. बसायला पाठीची खुर्ची हवी. रजा हवी, आणि रजेनंतर तीच खिडकी, तोच खांब. हे सगळं कागदावर हवं, कारण दादा, तुमचं मन चांगलं आहे पण ते लवकर भरून येतं. बाबा म्हणे यावर बराच वेळ डोळे चोळत राहिले.

पुढचे काही दिवस पहिल्या खोलीत तारकाकांनी दुसरं काही केलं नाही. उंच खांब कापून त्यांनी गुडघ्याइतका केला आणि वर फिरती तबकडी बसवली. आता सांगाडा बोटाने ढकलला की गर्रकन फिरायचा, माणसाला वाकावं लागायचं नाही की स्टुलावर चढावं लागायचं नाही. बघायला सगळे जमले. कापड कापणाऱ्या दोघांपैकी थोरल्याने खुर्चीत बसून बघितलं आणि हळूच विचारलं की त्याच्या गुडघ्यांनाही हे चालेल, त्यासाठी बाळ होणं सक्तीचं आहे का. बाबांनी तिथल्या तिथे आणखी एक बनवायला सांगितलं.

पत्रंही झाली, आठही जणांची. बाईंनी मसुदा दिला, आईने ती टाइप केली. बाबांना खाली सही करायची होती, आणि सहीखाली छापला होता तो शब्द, मालक. पहिल्या पत्रावर त्यांचा पेन कितीतरी वेळ अडला. मग त्यांनी सही केली, आणि पुढच्या भराभर झाल्या. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तारकाका पत्र घडी करून खिशात ठेवत म्हणाले, चला, आता तुमच्याशी भांडायला अधिकृत मोकळीक झाली.

सोमवारी ताई येणार होती.

रविवारी रात्री जेवणं झाल्यावर बाबा खुशीत होते. टेबलावर बोटाने रेघा मारत ते पुढचं ठरवत होते. ताई आली की टकळीने दोन-तीन महिने तिच्याच शेजारी बसायचं, हात पक्का करायचा. मग ताई रजेवर गेली की खिडकी टकळीची. घरचंच माणूस असताना बाहेरचं कशाला आणायचं? आईने मान डोलावली, पण अर्धवट, आणि मुलीकडे पाहिलं.

टकळीने ताट उचललं नाही. तिला ते स्टूल आवडायचं, ती खिडकी आवडायची, बल्ब लावल्यावर सुरकुती नसलेली शेड उजळते तो क्षण तर फारच आवडायचा. म्हणूनच हे बोलणं अवघड होतं. भाषणासारखं पाठ करून बघितलं होतं, ऐकायला टाचण्या धरलेलं कोणी नव्हतं, तरी जमलं होतं.

ती खुर्ची मागे सारून उभी राहिली.

"मालक," ती म्हणाली.

बाबांनी दचकून वर पाहिलं. चावल्यासारखं त्यांना झालं, पण त्यांनी शब्द परत ढकलला नाही.

"वकीलबाईंनी मला अजून सांगितलेलं नाही की मी तुमची नोकर आहे की नाही. असेन तर हा राजीनामा समजा, नसेन तर मुलीचा निर्णय समजा. उद्यापासून मी कामावर येणार नाही, ताई रजेवर गेल्यावरही नाही. मी फुकट आणि आनंदाने बसले, म्हणूनच ताईला घरी ठेवणं तुम्हाला इतकं सोपं गेलं. तिच्या रजेपुरतं कोणालातरी पत्र देऊन रीतसर घ्या, त्यावर लिहा की ताई येईपर्यंतच, आणि त्या माणसाला ताईच निवडेल, ताईच शिकवेल. शाळा सुटल्यावर मी वादविवाद मंडळात जाणार आहे, नाव देऊन आलेय. शाळा पूर्ण झाली आणि तेव्हाही मला कापडच ताणावंसं वाटलं, तर मी परत येईन. पण अर्ज करून. आणि माझी मुलाखत तुम्ही दोघांनी घ्यायची नाही, ताई घेईल, कारण पट्टी मी खालून ढिली सोडते हे फक्त तिला माहीत आहे."